औषधचाचणीत मात्रेइतकेच महत्त्व द्रवाच्या आकारमानाला

कोणतेही नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची सुरक्षितता प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासली जाते. या चाचण्यांत औषधाच्या मात्रेची चर्चा होते. ते किती द्रवात मिसळून दिले, हा प्रश्न सहसा मागे पडतो. वस्तुतः निष्कर्षांची विश्वासार्हता त्यावरही अवलंबून असते.

युरोपातील औषध उद्योगाच्या महासंघाने आणि पर्यायी चाचणी पद्धतींच्या युरोपीय केंद्राने २००१ मध्ये याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीनुसार, रॅट या मोठ्या पांढऱ्या उंदराला तोंडावाटे वजनाच्या प्रतिकिलो १० मिलिलिटर द्रव देणे उचित ठरते. कमाल मर्यादा ४० मिलिलिटर आहे. अडीचशे ग्रॅमच्या प्राण्यासाठी उचित प्रमाण अवघे अडीच मिलिलिटर होते. मात्र ६० किलोच्या माणसाच्या हिशेबाने ते एका दमात ६०० मिलिलिटर, तर कमाल मर्यादेला जवळजवळ अडीच लिटर पिण्यासारखे आहे. कुत्र्यासाठी उचित प्रमाण ५ मिलिलिटरच आहे.

उंदरांना उलटी करता येत नाही. जठर प्रमाणाबाहेर भरल्यास द्रव अन्ननलिकेतून वर येऊन श्वसनमार्गात शिरू शकतो, किंवा लहान आतड्यात वेगाने उतरून औषधाचे शोषणच बदलते. अशा वेळी प्राणी दगावला तो औषधामुळे की द्रवामुळे, हे ठरविणे कठीण होते. शिरेतून देताना तर अधिक सावधगिरी लागते. रॅटच्या शरीरात प्रतिकिलो सुमारे ६४ मिलिलिटर रक्त असते. एकदम टोचावयाच्या ५ मिलिलिटर द्रवाने त्यात आठ टक्के भर पडते. हेच इंजेक्शन सावकाश दिल्यास २० मिलिलिटरपर्यंत चालते.

म्हणूनच मात्रा वाढविताना शक्यतो द्रावणाची तीव्रता वाढवितात, आकारमान तेच ठेवतात. तुलनेसाठीच्या गटालाही औषधाविना तेवढाच द्रव दिला जातो. खरी अडचण उद्भवते ती पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांबाबत. तेथे आकारमान वाढविण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत प्राणी व निष्कर्ष दोघेही मोजतात.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीची देखरेख असते, तर प्रत्येक प्रस्ताव संस्थेच्या नैतिकता समितीपुढे जातो. २०२३ मध्ये नवीन औषधांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी-आधारित व संगणकीय पर्यायांनाही वाट मोकळी झाली. तथापि, हे पर्याय अद्याप प्रत्येक चाचणीची जागा घेऊ शकलेले नाहीत.