कृतिसंशोधन : कामाच्या जागेवरून शिकणारे शास्त्र

बी.एड. केलेल्या आपल्या शिक्षक बंधू-भगिनींना 'कृतिसंशोधन' हा शब्द नवा नाही. वर्गातील एखादी अडचण घ्यावयाची, तिच्यावर उपाय करून पाहावयाचा आणि काय फरक पडला याची नोंद ठेवावयाची, असे त्याचे साधे स्वरूप आहे. हीच पद्धत संगणकाच्या क्षेत्रातही वापरली जाते, हे मात्र थोड्यांना माहीत असते. शिक्रापूर परिसरातील अनेक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माहिती प्रणाली म्हणजे केवळ संगणक नव्हे. खातेदार, त्याने भरलेली स्लिप, काउंटरवरचा कारकून, संगणक, पासबुक आणि नियम या सर्वांची मिळून एक प्रणाली होते. मी बँकेत काउंटरवर बसतो. निराधार योजनेचे अनुदान घेणाऱ्या आजी येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "बाळा, पैसे आले का?" एकदा नवीन प्रोग्रॅम आला, तेव्हा एवढे उत्तर देण्यासाठी आम्हाला एकामागून एक तीन पडदे उघडावे लागत. मागे रांग वाढे. ज्यांनी तो प्रोग्रॅम तयार केला ते हुशारच असणार. पण त्यांनी आजीला विचारले नव्हते आणि आम्हालाही नाही.

ही दरी भरून काढण्याचे काम कृतिसंशोधन करते. या शब्दाला मान्यता मिळवून दिली ती कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने. ते जर्मनीतील ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांना देश सोडून अमेरिकेत जावे लागले. १९४६ साली त्यांनी अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लेख लिहिला आणि त्यात ही पद्धत मांडली. संशोधनातून फक्त पुस्तके निर्माण झाली तर ते पुरेसे नाही, असे त्यांचे मत होते. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकवणारे प्रा. जॉन ड्यूई यांचाही भर ज्ञान अनुभवाने तपासण्यावर होता. कृतिसंशोधन त्या विचाराला जवळचे आहे.

पुढे १९७८ साली सुसमन आणि एव्हरेड या दोन अभ्यासकांनी या पद्धतीच्या पाच पायऱ्या सांगितल्या : अडचणीचे निदान, उपायाची आखणी, प्रत्यक्ष कृती, परिणामाची तपासणी आणि त्यातून मिळालेल्या धड्याची मांडणी. पाचवी पायरी झाली की पुन्हा पहिलीकडे यावयाचे. सल्लागार उपाय सांगून निघून जातो. संशोधक मात्र काम करणाऱ्यांबरोबर राहतो आणि आपला उपाय चुकला तर तेही लिहून ठेवतो.

नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टन न्यूगार्ड यांनी धातुकामगारांच्या संघटनेबरोबर असेच काम केले. संगणकाचे विद्यार्थी आज जे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकतात, त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी हे एक. कारखान्यात संगणक आल्यावर आपल्या कामाचे काय होणार, याचा अभ्यास कामगारांनी स्वतः करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून पुढे नवीन यंत्रणा आणताना कामगारांना माहिती देण्याचे आणि त्यांचे मत घेण्याचे करार झाले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण वारणानगरचे आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पुढाकाराने सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतकऱ्यांना शेतीची आणि बाजाराची माहिती संगणकावर मिळेल, अशी कल्पना होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेचे संशोधक तेथे गेले. केंद्रांत बसून त्यांनी पाहिले, तेव्हा संगणकाचा उपयोग मुख्यतः कारखाना आणि शेतकरी यांच्यातील व्यवहारापुरता होत असल्याचे दिसले. उसाचे वजन किती भरले, तोडणीचा परवाना निघाला का, खत किती उचलले, हे शेतकऱ्याचे प्रश्न होते. आपल्या शिरूर-दौंड भागातील ऊस उत्पादकांचे प्रश्न याहून वेगळे नाहीत.

एवढ्या कामासाठी संगणक कशाला, साधा मोबाइल पुरे, असा विचार करून त्यांनी कारखान्याच्या सहकार्याने एसएमएसची व्यवस्था उभी केली. सात गावांत आठ महिने ती चालवून पाहिली. जुनी सर्व कामे तिच्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटली. निदान, आखणी, कृती, तपासणी, धडा या पाचही पायऱ्या येथे दिसतात.

तरीही एक सावधगिरी हवी. या संशोधनात सहभागी असलेले केंतारो तोयामा यांनी पुढे असे मांडले की, तंत्रज्ञान माणसाच्या मूळ हेतूला आणि क्षमतेला फक्त वाढवते. जेथे हेतू नाही, तेथे यंत्र काही करीत नाही. शिवाय विचारावयाचे कोणाला, हाही प्रश्न आहेच. उसाचे वजन बागायतदाराइतकेच तोडणी करणाऱ्या मजुराच्या पोटाशी निगडित असते, कारण त्याची मजुरी टनावर ठरते. अभ्यासाच्या वेळी त्याला बाजूला ठेवले, तर प्रणाली कितीही चांगली झाली तरी ती अर्धीच राहील.

विद्यार्थी मित्रहो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून तयार आणू नका. रेशन दुकान, ग्रामपंचायत, दवाखाना किंवा आपल्या संस्थेचे ग्रंथालय निवडा. आठ दिवस नुसते बसा. रांगेतल्या शेवटच्या माणसाला काय हवे ते विचारा, आणि रोज ते काम करणाऱ्या कारकुनालाही विचारा. मग संगणक उघडा. गुण तर मिळतीलच, पण कोणाची तरी रांग लहान होईल. शिक्षणाचा समाजाला उपयोग व्हावा असे आपण नेहमी म्हणतो. त्याची सुरुवात एवढ्या लहान कामापासून होऊ शकते.