कात्री, खळ आणि पूर्वज

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरव्याच्या अरण्याला पाठ लावून वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावी एखाद्या जुन्या घराच्या बैठकीत पाऊल टाकले की दाराच्या चौकटीवर, किंचित पुढे झुकलेल्या तसबिरींची जी रांग दृष्टीस पडते, तिच्यात देव आणि पूर्वज यांची सरमिसळ इतकी पूर्ण झालेली असते की संत सोनाजी महाराज, शेगावचे गजानन महाराज, फेटेवाले पणजोबा आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली पणजी यांच्यात हार कोणाला रोज घालायचा आणि कोणाला तिथीला, एवढाच काय तो भेद उरतो. पटवाऱ्याच्या दप्तरात खातेदार वारला की फेरफार होतो, नावाला कंस पडतो, वारसांची नावे चढतात. भिंतीवरच्या या दप्तराला मात्र फेरफार ठाऊक नाही, तिथे मेलेला मनुष्य कायमचा कब्जेदार असतो. अशा तसबिरींच्या नकला काढून, त्या कात्रीने चिरून, पणजोबांच्या फेट्यातून पळस उगवावा, लग्नाच्या वऱ्हाडाने डोंगराच्या शेंड्यावर पंगत धरावी, किंवा आत्याबाईंच्या मांडीवर बाळाऐवजी चंद्र निजावा, असा अशक्य संसार नव्याने मांडण्याची जी कला आहे, तिला अतिवास्तव कोलाज म्हणतात.

ही कला परकी, आणि शिवाय थोडी उद्धट, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे त्याची शहानिशा त्या भिंतीपाशीच करावी. त्या रांगेतील जोडप्याची तसबीर खाली उतरवून उजेडात धरली तर पुष्कळदा असे आढळते की नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा प्रकाश डावीकडून येतो आहे आणि बायकोच्या चेहऱ्यावरचा उजवीकडून. एकाची मान कॅमेऱ्याकडे आहे, दुसरीची भलतीकडेच. कारण ही दोघे एका वेळी, एका खोलीत, कॅमेऱ्यासमोर कधी बसलीच नव्हती. वडील वारल्यावर, किंवा आई गेल्यावर, मुलगा लग्नाचा ग्रुप फोटो नाही तर एखादे ओळखपत्र घेऊन तालुक्याच्या स्टुडिओत जाई, आणि फोटोवाला त्याची पुन्हा निगेटिव्ह घेऊन, डोके तेवढे मोठे करून, ते कापून, दुसऱ्या कुणाच्या धडावर बसवून, ब्रशाने कोट, पदर, प्रसंगी हयातीत कधी न लाभलेले दागिनेही रंगवून, त्या सगळ्या जुळणीचा पुन्हा एकवार फोटो घेई. या शेवटच्या फोटोत खळीचा डाग, कात्रीची कड, ब्रशाचा ओघळ, सारे एकाच कागदाच्या पृष्ठभागात मुरून जाई. कुशल टचिंगवाल्याची कीर्ती त्याने काय दाखवले यापेक्षा काय लपवले यावरच अवलंबून असे.

मुंबईत तर हा उद्योग याहूनही जुना. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था 1854 साली निघाली. तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतील नाना जाती-जमातींच्या लोकांची छायाचित्रे घेऊन त्यांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक माणसे उभी राहिली ती स्टुडिओच्या बंदिस्त जागेत. त्यांच्या आकृती कापून, निराळ्या घेतलेल्या इमारतींच्या नि देखाव्यांच्या छायाचित्रांवर बसवलेल्या आहेत. बारकाईने पाहिले तर आकृती आणि भूमी यांचा मेळ सर्वत्र बसत नाही. माणसांच्या वर्गवारीचा हा कारभार सरकारी खानेसुमारीच्या गंभीर थाटात चालला होता, आणि त्याच्या तळाशी खळ होती, हे मला तरी फार उद्बोधक वाटते.

त्याच सुमारास विलायतेतील उमराव घराण्यांच्या स्त्रिया आपल्या अल्बमांत नातलगांची डोकी कापून बदकांच्या मानांवर चिकटवीत होत्या आणि भोवती जलरंगाने तळे रंगवीत होत्या. पुढे 1918 च्या उन्हाळ्यात बर्लिनचे दोन चित्रकार, राउल हाउसमान आणि हाना ह्योख, बाल्टिक समुद्राकाठच्या एका खेड्यात विश्रांतीला गेले असता त्यांना तिथल्या घरोघरी एकच छापील चित्र दिसले: बराकीपुढे उभा असलेला शिपाई, धड सर्वत्र तेच, फक्त डोक्याच्या जागी त्या त्या घरच्या मुलाचा फोटो चिकटवलेला. हाउसमानने नंतर सांगितले की फोटोमोंताजची कल्पना आपल्याला तिथे सुचली. म्हणजे विसाव्या शतकातील एका बंडखोर कलेचे मूळ खेडुतांच्या भिंतीवरील भाविक तसबिरीत निघाले. मुंबईचा कला-समीक्षक ज्या वेळी हे सारे पॅरिसहून आले असे मानून चालतो, त्या वेळी त्याने एकदा वऱ्हाडातील घरांचा फेरफटका करावा.

मग भेद कोठे? कोणी म्हणेल, स्टुडिओवाला सांधा लपवतो आणि कलावंत तो दाखवतो. ह्योखच्या चित्रांपुरते हे खरे आहे, पण मॅक्स अर्न्स्टने 1929 आणि 1934 साली जी कोलाज-कादंबऱ्यांची पुस्तके काढली, त्यांत जुन्या लाकडी ठशांची चित्रे कापून केलेली जुळणी छपाईत अशी एकजीव झाली आहे की सांधा बोटाला लागत नाही. भेद आहे तो दाव्यात. स्टुडिओची तसबीर सांगते, असे घडले होते. आणि ते घडलेले नसते. अतिवास्तव चित्र सांगते, असे घडणेच शक्य नाही. आणि पाहणारा त्याच्यावर लगेच विश्वास ठेवतो. दिल्लीच्या विवान सुंदरम यांनी 2001-02 साली आपले आजोबा उमरावसिंह शेरगिल यांनी काढलेल्या घरच्या छायाचित्रांतून, मावशी अमृता शेरगिल हिला मध्यभागी ठेवून, संगणकावर जी चित्रमाला रचली तिच्यात निरनिराळ्या काळांची माणसे एकाच खोलीत, आरशांच्या साक्षीने, एकत्र येतात. चित्रे देखणी आहेत, यात शंका नाही. पण इतकी गुळगुळीत जुळणी पाहून मला अधूनमधून आपल्या टचिंगवाल्याचीच आठवण होते.

हातांनी काम करू इच्छिणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानी घ्यावी की मूळ फोटोला कात्री लावायची नाही. काचेच्या फ्रेमीतील फोटो पावसाळी दमटपणाने काचेला चिकटलेला असला तर तो ओढून काढू नये, वरचा थर काचेवरच राहून जातो. काचेसकट सावलीत ठेवून, चकाकी चुकवून त्याची नक्कल घ्यावी. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, नाते लिहून ठेवावे. नक्कल साध्या कागदावर काढावी. चकचकीत कागद खळ घेत नाही, कडा उचलतो. मग बारीक टोकाची कात्री घेऊन, कात्री स्थिर धरून, कागद फिरवीत कापावे. फेट्याचा शेमला कठीण, पदराची झालर त्याहून कठीण. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे ग्रुप फोटोतला मनुष्य, कारण त्याला मोकळा केला की त्याच्या खांद्यावर शेजाऱ्याचा हात तसाच राहतो, मनगटापासून तुटलेला, चार बोटे पुढे आणि अंगठा मागे. टचिंगवाला तो हात रंगाने बुजवून टाकी. तो ठेवावा, असे माझे मत आहे. किंबहुना चित्राची सुरुवातच त्या हातापासून करावी, तो कोणाचा होता हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. जुन्या घरांत पुरुषाचा एकट्याचा फोटो सापडतो, काठी घेऊन, पुस्तकावर हात ठेवून. बाईचा बहुधा सापडतो तो लग्नात, नवऱ्याच्या पाठीशी, किंवा मुलांच्या गर्दीत. मृत्यूनंतर तिला त्यातून कापून स्वतंत्र तसबीर केली जाते तेव्हा कडेला कुणाच्या तरी कोटाची बाही उरतेच. कोलाजकाराला येथे खरे काम आहे: त्या पणजीला एकटीला, भिंतीएवढी, सातपुड्याहून उंच करून गव्हाच्या पिकात बसवता येते, आणि नवरा अंगठ्याएवढा तिच्या खांद्यावर.

अर्थात् यावर आक्षेप येतात. ज्याच्या तिथीला पान वाढतो त्याचे डोके बैलाच्या धडावर कसे बसवता, हा प्रश्न रास्त आहे, आणि वर्षश्राद्ध झाले नसेल तर त्या चेहऱ्याला हात लावू नये, हा दंडक मी पाळावा असे म्हणेन. बाकीच्यांसाठी चुलत्यांची रीतसर परवानगी मागावी. ते प्रथम चिडतात, मग चश्मा लावून नकला उलटसुलट करतात, आणि थोड्या वेळाने, हे डोके कोणत्या धडावर अधिक शोभेल, यावर आपसांत वाद घालू लागतात.