सेकंड हँड वारा

आळंदीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक करड्या रंगाची व्हेंटो उभी असते. २०१४ सालचं मॉडेल, पासिंग एमएच-१४ चं, मागे डिकीवर ‘टीएसआय’ ही तीन अक्षरं. शेजारीपाजारी तिला जुनी गाडी म्हणतात, आणि वयाने ती जुनी आहेच. पण रिकाम्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की ती ज्या तऱ्हेने पुढे झेपावते, ते त्यातल्या कुणाला ठाऊक नाही. इटालियन आणि पोर्तुगीज भाषांत व्हेंटो म्हणजे वारा. फोक्सवॅगनने आपल्या कितीतरी गाड्यांना वाऱ्यांची नावं दिली, त्यातलं हे एक. आणि हा वारा आमच्याच भागातला आहे. इथून चाकणच्या दिशेने निघालं की म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांच्या शिवारात जो कारखाना लागतो, तिथे ही गाडी तयार झाली.

त्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झालं. तिथून आधी बाहेर पडली ती स्कोडाची फाबिया, मग पोलो आणि २०१० मध्ये व्हेंटो. व्हेंटो म्हणजे मुळात पोलोच, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे १० सेंटीमीटरने वाढवून मागे मोठी डिकी जोडलेली. ते १० सेंटीमीटर जवळजवळ सगळे मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना मिळाले. माझ्या आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे मला ही मोजणी महत्त्वाची वाटते. डिकी ४५४ लिटरची. लग्नाचा आहेर, गावाकडून आलेली तांदळाची गोणी आणि दोन मोठ्या बॅगा एका वेळी मावतात.

वेगाची गोष्ट २०१३ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी आधी पोलोत आणि मग व्हेंटोत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आलं. त्या काळी चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सवलत होती. हे इंजिन १,१९७ सीसीचं, त्यामुळे पोलो त्या सवलतीत बसली. व्हेंटो चार मीटरहून लांब, तिला सवलत नाही. म्हणजे छोट्या गाडीचं इंजिन आणि मोठ्या गाडीचा कर. नवी असताना ती महाग वाटायची, त्याचं हे एक कारण.

पण छोटं इंजिन म्हणून तिला कमी लेखू नये. ताकद १०५ पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन मीटर, तोही १,५०० आरपीएमपासूनच. त्याच सुमाराची पेट्रोल स्विफ्ट डिझायर घ्या, इंजिन तेवढंच. तिचा टॉर्क ११४, आणि तो मिळायला इंजिन ४,००० पर्यंत फिरवावं लागतं. फरक टर्बोचा. सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर एक छोटी चक्री फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाची चक्री इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि पेट्रोल जास्त जळलं की जोर जास्त. हेच इंजिन असलेली पोलो जीटी ९.७ सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाते, असं कंपनी सांगत असे.

कुटुंबाच्या गाडीला हा वेग कशाला, असं मला घरातूनच विचारलं गेलं. द्रुतगती मार्गावर शंभरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, आणि आता वर कॅमेरे आहेत. खरं आहे. मला तो वेग तिथे नकोच होता. मला हवा होता तो नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या पुढे, जिथे समोर कांद्याचा ट्रक असतो आणि त्याच्यापुढे उसाची ट्रॉली. ओव्हरटेक करताना आपण जितके सेकंद समोरच्याच्या बाजूला असतो, तितके सेकंद मागे बसलेली मुलं आपल्या हवाली असतात. ते सेकंद निम्म्यावर आणणारं इंजिन ही मला चैन वाटत नाही. ज्याने दम नसलेल्या गाडीतून, एसी बंद करून, ट्रकच्या बाजूने जीव मुठीत धरून ओव्हरटेक मारलाय, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आता प्रश्न असा की अशी गाडी स्वस्त का मिळते. व्हेंटो बंद झाली, २०२२ मध्ये तिच्या जागी व्हर्टस आली. पोलोही त्याच वर्षी गेली, ‘लेजंड’ नावाच्या ७०० गाड्या काढून कंपनीने तिला निरोप दिला. जर्मन गाडीचा मेंटेनन्स परवडत नाही हा समज तर गॅरेजपासून पारापर्यंत पसरलेला. पण खरं कारण गिअरबॉक्स. टीएसआयला सात गिअरचा डीएसजी येतो. त्यात दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, जोर तुटत नाही. काम इतकं सफाईदार की मागे झोपलेल्या मुलाला गिअर पडलेला कळत नाही. पण हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडवलेले नाहीत. त्यांना मोकळा रस्ता मानवतो. इंच-इंच सरकणं मानवत नाही, कारण सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक नावाच्या भागाचीही धास्ती आहे. २०१३ मध्ये कंपनीने या गिअरबॉक्सच्या जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यातलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरलं होतं. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली, आणि सेकंड हँड बाजारात ती आजही गाडीच्या पुढे पुढे चालते.

आणि आमच्या भागाचा रस्ता कसा? चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी कंपन्यांच्या बसगाड्या सुटल्या की तासभर सरकायचं. मोशीत सरकायचं, दिघीत सरकायचं. ज्या मातीत ही गाडी जन्मली, तिथलाच रस्ता तिच्या क्लचला सगळ्यात जाचक आहे. आमच्याकडे ही गाडी घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. पहिल्या मालकाने वेगाचे पैसे भरलेले असतात. दुसऱ्याने जपणुकीचे भरायचे असतात, आणि ते बाजूला काढून ठेवले नसतील तर ती स्वस्त गाडी सगळ्यात महाग पडते. मी गाडीची रक्कम ठरवली तेव्हाच क्लचसाठीचे पैसे वेगळ्या खात्यात टाकले. अजून लागलेले नाहीत.

गाडी शोधायला मला पाच महिने लागले. एका दुकानात दाखवलेल्या गाडीचं मीटर ४८ हजारांवर होतं, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं चामडं चकाकत होतं. सर्व्हिसची नोंद काढली तर दोन वर्षांपूर्वीच ती ९१ हजार चाललेली. मी टोकन दिलेलं नव्हतं म्हणून सुटलो. दुसऱ्या एका गाडीवर बँकेचा बोजा होता आणि तो उतरवायचं राहिलंच होतं. दिल्ली पासिंगच्या दोन-तीन गाड्या फारच कमी भावात आल्या. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर सरसकट बंदी होती, त्यामुळे तिथल्या गाड्या वय होण्याआधीच इतर राज्यांत उतरत. पण इथे आणल्यावर एनओसी, नवा नंबर आणि इथला कर धरला तर तो कमी भाव फार कमी राहत नाही.

शेवटी मिळाली ती एकाच मालकाची. बघायला जाताना मी आमच्या शेजारच्या काकांना सोबत नेलं. काकांनी गाड्यांच्या रंगकामात, वेगवेगळ्या कारखान्यांतल्या पेंट शॉपमध्ये, आयुष्य काढलं. त्यांनी गाडीच्या इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळचं ऊन तिरपं असताना ते गुडघ्यावर बसले आणि डोळा पत्र्याच्या पातळीला आणून एकेका दरवाजावरचं उन्हाचं प्रतिबिंब बघत गेले. डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी थांबले.

“हे बघ. कंपनीच्या रंगाला बारीक साल असते, संत्र्यासारखी. सगळीकडे एकसारखी. या दाराला साल नाही, काचेसारखं आहे. हे बाहेर रंगवलंय.”

मग त्यांनी दाराच्या चौकटीवरचं रबर बोटाने अलगद सोडवलं. आत पत्रा जोडलेले स्पॉट वेल्डचे गोल ठसे, नाण्यासारखे, ठरावीक अंतरावर. काकांनी प्रत्येक ठशावरून अंगठा फिरवला. “चौकट मूळची आहे. म्हणजे दाराला काहीतरी घासलंय, ठोकलेली नाही. घे.” मालकाने सांगितलं, पार्किंगमध्ये खांबाला लागली होती. दोघांचं म्हणणं जुळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण त्याआधी आम्ही गिअरबॉक्स पारखला होता. स्कॅनर लावून क्लच किती झिजलेत ते पाहिलं, थंड इंजिनावर टेस्ट मारली, आणि मग मुद्दाम अर्धा तास गर्दीत फिरवून चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते का, ते पाहिलं. टीएसआय घेणाऱ्याने थंड टेस्टवर कधीच भागवू नये.

कागदांचं थोडक्यात सांगतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, आणि गाडी नावावर झाल्याशिवाय मूळ मालकानेही निवांत होऊ नये. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे का ते पाहावं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. आमची २०२९ मध्ये पुन्हा तपासणीला जाईल आणि तेव्हा पर्यावरण करही भरावा लागेल. विकत घेताना हे वर्ष डोक्यात हवं, कारण उरलेल्या वर्षांनी किंमत भागली की गाडी खरोखर किती स्वस्त आहे ते कळतं. पेट्रोलचीही काळजी आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. म्हणून मी इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला उघडून बघायला लावतो.

पोलो बघणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो आदळवून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. कंपनीने ती विकणं बंद केलं, आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले. त्या सालाआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग नसेल तर ती कितीही कमी भावात मिळो, लेकरांसाठी घेऊ नये. इथे मी घासाघीस करणार नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत आमचा भाग भाग्यवान आहे. व्हेंटो, पोलो, अमियो, स्कोडाची रॅपिड या सगळ्या एकाच घरातल्या. सस्पेन्शनचे बरेच भाग एकमेकींना बसतात. भोसरी-चिखलीच्या शेडमध्ये असे मिस्त्री आहेत ज्यांना या गाड्यांचा बोल्टन् बोल्ट माहीत आहे. हजारो हातांनी इथे या गाड्या घडवल्या. त्यातल्या बहुतेकांना ही गाडी नवी कधीच परवडली नाही. दहा वर्षांनी, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून, ती आता त्यांच्या दारात येते. मला या गाडीबद्दल सगळ्यात जास्त जर काही आवडत असेल तर ते हे.

कार्तिकी जवळ आली की आळंदीत गाडी बाहेर काढता येत नाही. वद्य एकादशीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर माणूस मावत नाही, आणि मी गाडी आधीच चऱ्होलीकडे नेऊन लावतो. गेल्या वर्षी त्याच्याही थोडं आधी एका पहाटे मला राजगुरुनगरला जायचं होतं. काका म्हणाले, मीही येतो. परतताना मी त्यांना किल्ली दिली. आयुष्यभर त्यांनी गाड्यांवर रंग चढवला, पण स्वतःच्या नावावर दुचाकीच. लायसन्स मात्र जपून ठेवलेलं.

आधी ते फार हळू चालले. मग एक मोकळा, सरळ पट्टा आला आणि त्यांनी पाय दाबला. दुसरा, तिसरा, चौथा, एकाही गिअरचा धक्का नाही, नुसती पाठ सीटला टेकत गेली. ऐंशीवर त्यांनी पाय काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आवाजच नाही रे.”

आळंदी फाट्यावरून आत वळलो तेव्हा पुढे एक दिंडी होती. परभणीकडची असावी, मागे ट्रॅक्टरवर स्वयंपाकाची भांडी. मी सांगायच्या आतच काकांनी ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवली. पुढे अंतर पडू दिलं, मग एका दमात तेवढं अंतर पार करून पुन्हा पूर्ण थांबले. मागून एका टेम्पोने हॉर्न वाजवला. काकांनी आरशात पाहिलं, गाडी कडेच्या मातीत घेतली आणि बंद केली. बॉनेटखाली पंखा फिरत राहिला. आम्ही दोघं खाली उतरून, दिंडी पुढे जाईपर्यंत, गाडीला टेकून उभे राहिलो. काकांचा हात मागच्या डाव्या दारावर होता.