रक्तदाब चढण्याआधी

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत-मूत्रपिंडांवर ताण दिसला, की डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान करतात. जगात शंभर गर्भवतींपैकी दोन ते आठ जणींना हा आजार गाठतो. पण निदान होते तेव्हा आजार जुना झालेला असतो. त्याचे मूळ वारेत असते आणि त्याच्या खुणा आईच्या रक्तात आधीच उमटू लागतात. म्हणून माझे म्हणणे असे, की या आजाराशी लढाई रक्तदाब चढल्यावर नव्हे, पहिल्या तीन महिन्यांतच सुरू व्हायला हवी.

निरोगी गर्भारपणात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके वाढतात, तरीही रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला आईचे शरीर फारशी दाद देत नाही. पुढे ज्यांचा रक्तदाब वाढला, त्या स्त्रियांमधली ही सहनशक्ती कित्येक आठवडे आधीच ओसरली होती, असे नॉर्मन गँट यांच्या गटाने १९७३ साली दाखवले. प्रत्यक्ष आजारात तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन निरोगी गर्भवतींपेक्षा कमीच आढळतात. यावर आक्षेप असा, की हे बदल कारण नसून परिणाम असतील. अनेक संप्रेरकांबाबत तो रास्त आहे. पण वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन जास्त सोडते आणि ते रक्तवाहिन्या जोपासणाऱ्या पीएलजीएफला अडकवून ठेवते. अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ साली हेच प्रथिन गाभण उंदरांमध्ये वाढवले, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली. इथे कारणाचा धागा हाती लागतो.

बाळाबाबत अधिक सावध राहावे लागते. वारेतले एक विकर आईचे कॉर्टिसॉल निष्प्रभ करून बाळाला त्यापासून जपते; प्रीएक्लॅम्प्सियात त्याचे काम मंदावलेले आढळते. वाढ खुंटलेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात वाढीला लागणारे आयजीएफ-१ कमी असते. यातला किती भाग या आजाराचा आणि किती अपुऱ्या दिवसांचा, हे वेगळे करणे कठीण आहे. तरी एवढे निश्चित, की वार बिघडली की आई आणि बाळ दोघांचेही संतुलन ढळते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्यात आजार होण्याची शक्यता फार कमी, हे २०१६ च्या अभ्यासातून कळले. पण ही तपासणी सर्वत्र परवडणारी नाही. मात्र प्रतिबंध स्वस्त आहे. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जास्त धोका असलेल्या गर्भवतींना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले, तेव्हा मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. गोळी मनाने घेऊ नये, हे खरे; पण डॉक्टरांना विचारायला उशीरही करू नये. दिवस राहिल्याचे कळताच नाव नोंदवा, रक्तदाब मोजून घ्या, आणि आधीच्या बाळंतपणात रक्तदाब वाढला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.