अल वक्राचे स्टेशन

मुंबईच्या लोकलला लटकत कामावर गेलेल्या आपल्या पिढीला उपनगरी स्टेशन म्हणजे काय ते सांगायला नको. कतारात मात्र ८ मे २०१९ रोजी दोहा मेट्रोची लाल मार्गिका सुरू झाली, तेव्हा कुठे लोकांना शहरात ये-जा करायला रेल्वे मिळाली. दोह्याच्या दक्षिणेचे अल वक्रा हे तिचे शेवटचे स्टेशन.

अल वक्रा हे कोळ्यांचे व मोती काढणाऱ्यांचे जुने गाव. आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाला ओळखीचे वाटावे असे. आखातातल्या मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. १९६६ पर्यंत तिकडे रुपयेच चालत, तेही भारताच्या रिझर्व्ह बँकेने काढलेले!

आता तिथे ३ डब्यांची जपानी गाडी मोटरमनशिवाय धावते. एका डब्यात गोल्ड वर्ग आणि कुटुंबांसाठी वेगळी जागा, बाकी साधा वर्ग. साधे तिकीट २ रियाल, दिवसभराचे ६. कार्ड आपल्या रव-कावसारखे टेकवायचे. मशीरेबला गाडी बदलता येते. शुक्रवारी गाड्या उशिरा सुरू होतात; आपल्याकडच्या शब्बाथपेक्षा बरे म्हणायचे.

माझ्या मते म्हाताऱ्यांची खरी सोय स्टेशनाबाहेर आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अर्धा मैल चालणेही जिवावर येते. म्हणून वस्तीतून स्टेशनावर आणणारी मेट्रोलिंक बस फुकट ठेवली आहे. २०२२ च्या विश्वचषकात अल जनूब मैदानावर जाणाऱ्यांनाही या स्टेशनावरून पुढे बसच धरावी लागे.