गोड बातमी आणि रक्त पातळ करणारी गोळी

गेल्या चैत्रात नेवाशाला मोहिनीराजाच्या देवळात आमच्या आळीतली एक सून भेटली. चेहरा पार उतरलेला. बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मला दिवस गेलेत. ती रोजची गोळी चार दिवस झाले बंद केलीय. बाळाला बाधते म्हणे. पण कुणाला बोलू नका हं, तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही असं सासूबाई म्हणतात."

माझ्या काळजात धस्स झालं. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने हिच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि लग्नाआधी तिथे कृत्रिम झडप बसवली होती. त्याच दुपारी तिला नवऱ्याबरोबर अहिल्यानगरला डॉक्टरांकडे धाडलं.

"रक्त पातळ करणारी गोळी" हे नावच मुळी फसवं. रक्त पाण्यासारखं होत नाही की कमीही होत नाही. दुधाला विरजण लागून दही होतं ना, तसं रक्ताचं गोठणं. ही औषधं ते विरजण उशिरा लागू देतात, एवढंच. कृत्रिम झडपेवर, किंवा पायाच्या शिरेत एकदा गाठ होऊन गेली असेल तर तिथे, रक्त नको असताना विरजू पाहतं. त्यात गरोदरपणी निसर्गच रक्त लवकर गोठेल अशी तजवीज करतो, बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून. म्हणजे औषधाची गरज वाढते नेमकी तेव्हाच आपण ते बंद करायचं! झडप अडकली किंवा गाठ मेंदूत गेली तर आईच्याच जिवावर बेततं.

मग बाळाला बाधते हे खोटं का? नाही, तेही खरंच. वॉरफॅरिन, एसिट्रोम या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोचतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यात धोका सर्वात जास्त. बाळाच्या नाकाची, हाडांची वाढ बिघडू शकते. हेपॅरिनचं इंजेक्शन मात्र निराळं. त्याचे कण इतके मोठे, की ते वार ओलांडतच नाहीत.

आता हिशेब करा. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच हा काळ सुरू होतो, आणि आपल्याकडे गोड बातमी झाकून ठेवायची ती नेमकी याच तीन महिन्यांत! साऱ्या गावापासून खुशाल झाका, पण डॉक्टरांपासून नको. अशी गोळी चालू असेल तर पाळी चार दिवस पुढे गेली तरी तपासून घ्या. खरं म्हणजे मूल हवं असं ठरलं की आधीच विचारून ठेवावं.

"मग नऊ महिने इंजेक्शनच का नको?" असं तीही विचारत होती. कृत्रिम झडपेला इंजेक्शनचं संरक्षण गोळीइतकं भरवशाचं नसतं, म्हणून. बरेच डॉक्टर पहिल्या तीन महिन्यांतले ते आठवडे इंजेक्शन, मग गोळी, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा इंजेक्शन असा क्रम ठेवतात. दिवसाला 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी वॉरफॅरिन पुरत असेल, तर काही जणींना नीट समजावून तीच चालू ठेवतात. पायातल्या गाठीसाठी बहुधा सगळे महिने इंजेक्शनच. तेव्हा शेजारणीचा कागद पाहून आपलं ठरवायचं नाही. (रक्तदाबासाठी अॅस्पिरिनची छोटी गोळी दिली असेल, तर ती गोष्ट अगदी वेगळी, बरं का. तिची धास्ती घेऊ नका.)

आपल्या देशात बनलेली झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1990 साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. एके काळी ज्या मुलींच्या लग्नाचीच काळजी असे, त्या आता आया होताहेत. काळजी आहे, पण केवढी चांगली काळजी ही!

इंजेक्शनला भिऊ नका. पोटाच्या कातडीची चिमूट धरून सुई टोचायची, नंतर चोळायचं नाही. थोडं काळंनिळं पडतं. सुई कातडीखालच्या चरबीतच राहते, बाळाला लागत नाही. आमच्या या सुनेला सकाळ-संध्याकाळ कोण टोचायचं, ठाऊक आहे? सासूबाई!

बाळंतपण मात्र मोठ्या दवाखान्यातच हवं. नेवाशाहून अहिल्यानगर साठेक किलोमीटर. कळा सुरू झाल्यावर गाडी शोधण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला आधीच दाखल व्हावं. कळा येताहेत असं वाटलं तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी फोन करा. माहेरी जाणार असाल तर फाईल आणि पुरेशी औषधं पिशवीत पहिल्यांदा भरा, साड्या मागाहून.

बाळंतपणानंतर वॉरफॅरिन पुन्हा सुरू झाली तरी अंगावर पाजायला हरकत नसते. पण बाळंतिणीला आपण शेपू, मेथी भरपूर वाढतो ना, त्या पालेभाज्यांनी गोळीचा जोर कमी होतो. बंद करू नका, रोज बेताची आणि सारखीच खा, आणि आय.एन.आर.ची रक्ततपासणी सांगितल्या दिवशी करा. कंबर दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.