अजिंठा : पर्यटनाला संशोधनाची जोड

वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात कोरलेली अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये पुन्हा उजेडात आली आणि १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथे येणाऱ्या पर्यटकांवर परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. परंतु ज्या चित्रांसाठी पर्यटक येतात, त्या चित्रांनाच गर्दीची बाधा झाली, तर ठेवाही टिकणार नाही आणि पर्यटनही. म्हणूनच येथील पर्यटनविषयक धोरणाला शास्त्रीय निरीक्षणांचा आधार आवश्यक ठरतो.

धोका कशाचा ?

अजिंठ्याची चित्रे माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत. असा गिलावा हवेतील ओलावा शोषतो व पुन्हा सोडतो. बंदिस्त लेण्यात गर्दी झाली की श्वासोच्छ्वास व घाम यांमुळे आर्द्रता, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते. आर्द्रतेच्या या चढउताराने गिलाव्याची खडकावरील पकड सैल होते व रंगाचे पोपडे सुटतात. धूळ आणि प्रखर प्रकाश यांची त्यात भर पडते.

अनुभवाचे धडे

केवळ सद्हेतू पुरेसा नसतो. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या रक्षणार्थ इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्या वेळी चढविलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले व ते काढण्यासाठी पुढे अतिशय जिकिरीचे काम करावे लागले. फ्रान्समधील लास्को गुहा १९४८ मध्ये पर्यटकांना खुली झाली. भित्तिचित्रांची हानी दिसून आल्याने १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. पुढे १९८३ मध्ये जवळच तिची प्रतिकृती उभारण्यात आली.

निरीक्षणातून उपाय

अजिंठ्यात याच दिशेने पावले पडली. खाजगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूर तिठ्यावर थांबविली जातात व तेथून बसने जावे लागते. दुकानांची सोयही तेथेच करण्यात आली. चित्रे असलेल्या प्रमुख लेण्यांत एका वेळी मर्यादित पर्यटकांनाच प्रवेश दिला जातो. लेणी क्र. १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती असलेले पर्यटक केंद्रही उभारण्यात आले. अशी केंद्रे उभारण्याइतकेच ती अखंड चालू ठेवणे महत्त्वाचे आहे.

लेण्यांतील तापमान व आर्द्रता यांची नियमित नोंद ठेवून त्यानुसार प्रवेशाची मर्यादा ठरविणे, उपायानंतर पुन्हा मोजणी करणे आणि निष्कर्ष मार्गदर्शक व व्यावसायिकांना समजावून देणे, असा क्रम हवा. निर्बंधामागील कारण पटले, म्हणजे तो जाचक वाटत नाही. तो आपल्याच उपजीविकेचे रक्षण करतो, हे स्थानिकांच्याही ध्यानी येते.